डाव्या बुटावरची लाल रेघ

भिवाजी कोळ्याने पोराचा पाय घालवला, असं कल्याणच्या रेतीबंदरला अजून बोलतात. तो पोरगा मी. नाव आनंदा, राहायला विठ्ठलवाडी, शाळा नववीत सोडली. कुणी काढलं नाही, मीच सोडली, एका जागी बसवायचं नाही. लिहायची मला सवय नाही. पण तोंडाने सांगून बघितलं, दोनदा तर त्याच्यावरून मारामारी पण झाली, कुणी ऐकत नाही. म्हणून लिहितोय.

भिवाकाका आधी होडीवर होता. खाडीत मासा कमी झाला, पाण्यावर तेलाचा तवंग यायला लागला, तेव्हा त्याने होडी विकली आणि बंदराच्या रस्त्यावर सायकलचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि पुढे शहाबादी लाद्या. होडीवरचं सामान सगळं इथे आलेलं. जाळ्याची शिसं, दोरी, उरलेला लाल ऑइलपेंट, टेकू म्हणून अर्धं वल्हं. माणूस पन्नाशीचा, हाफ पँटवर, पायाची बोटं फाकलेली. तोंडाने तिखट. पंक्चर सगळेच काढतात, पण काकाचं काम वेगळं होतं. तो सायकल माणसाला बसवायचा.

मी तेव्हा बेकरीचे पाव टाकायचो. पहाटे मागे टोपली बांधून विठ्ठलवाडी ते कल्याण, सगळी हॉटेलं. ८६ साल असेल. एकदा दुकानासमोरून चाललेलो तर हा ओरडला, "ए पाववाल्या! कोंबडी अंड्यावर बसल्यागत बसलास. गुडघा जाईल तुजा."

मी थांबलो. "तुझ्या बापाची सायकल आहे का?"

"बापाची नाय. पाय तुज्या बापाचा हाय, त्याला विचार."

मी शिवी देऊन निघालो. महिन्याभरात गुडघा असा ठणकायला लागला की टोपली उतरवून खाली बसायचो. गेलो मग नाक मुठीत धरून. तो हसला पण नाही. बादलीभर पाणी लादीवर ओतलं आणि म्हणाला, चप्पल काढ, ओल्यातून सुक्यावर चार पावलं चाल.

मी ताठ चाललो, परेडला चालतात तसा.

"तसा नाय. रोज चालतंस तसा चाल. तुना बघाया पोरगी नाय आयली."

मग नीट चाललो. तो उकिडवा बसला आणि ओले पाय वाळेपर्यंत बघत राहिला. माझा उजवा ठसा सरळ होता, डावा बाहेर वळलेला. मला अठरा वर्षांत... नाही, तेव्हा सोळा होतो, सोळा वर्षांत ते कधी कळलं नव्हतं. म्हणाला, ओहोटीला चिखलातून चाललं की बापूस त्याला विचारायचा, हे पाय कुणाचे सांग. गावातल्या सगळ्यांचे पाय त्याला पाठ होते. तिथून ही नजर आली.

मग सायकलवर बसवायचा. टाच पायडलवर, पायडल एकदम खाली, गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर हलता कामा नये. तेवढी सीट वर. नंतर जाळ्याचं शिसं दोरीला बांधून गुडघ्याच्या वाटीवरून खाली सोडायचा. पायडल पुढे आडवं धरलं की शिसं त्याच्या मधल्या दांड्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर सीट पुढे नाहीतर मागे. माझी सीट त्याने चांगली चार बोटं वर घेतली. आठ दिवसांत दुखणं गेलं. बदल्यात दोन लाद्या पाव ठेवून घेतले आणि जनाकाकीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारून बोलला, "चहा टाक गो, कोंबडी आयली."

तेव्हापासून मी तिथे पडीक. त्याच्याकडे कोण कोण यायचे! दूधवाले, गॅसवाले, एक पोस्टमन तर ठाण्याच्या नौपाड्याहून यायचा. त्याचा गुडघा मागून दुखायचा, तीन डॉक्टर झालेले, गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं. काकाने त्याची सीट दोन बोटं खाली घेतली, बस. त्याचा हिशोब सोपा होता. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली हाय. मागून दुखला तर सीट वर हाय. बाजूने दुखला तर पट्टी बघ.

ही पट्टी सांगायला पाहिजे. शर्यतीच्या बुटाला तळाशी एक पट्टी असते, तिला खाच. पायडलची कड त्या खाचेत बसते, वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. मग पाय निसटत नाही, ताकद पूर्ण लागते. पण पाय वळत पण नाही. पट्टी जिकडे तोंड करेल तिकडे पायाचं तोंड, मग ऐंशी किलोमीटर असो की शंभर. म्हणून काका नव्या बुटाला लगेच पट्टी लावायचा नाही. चार दिवस तसेच चालवायला लावायचा. तळाला पायडलची घासलेली खूण उठायची. त्या खुणेवर पट्टी.

शर्यतीचं खूळ सुधीर सरांमुळे. सुधीर सर नौपाड्याचे, बँकेत होते, कल्याणला त्यांची सासुरवाडी. दर दसऱ्याला इथल्या मंडळाची शर्यत असायची, कल्याण ते खडवली फाटा आणि परत, दोन फेऱ्या. तिची सगळी धावपळ ते करायचे. मनाने चांगला माणूस. मी पाव टाकताना जोरात मारायचो ते त्यांनी बघितलेलं. ८८ ला त्यांनी सांगितलं, ठाण्याची एक कंपनी सायकलची टीम काढतेय, या शर्यतीतले पहिले दोन घेणार, नोकरीत पर्मनंट. माझ्यासारख्या शाळा सोडलेल्याला पर्मनंट! मी तर हवेतच. बाबा गोदीत हमाल, त्यांची पाठ गेलेली. माझी पाठ वाचवायची ती एकच संधी होती, आणि ती या दोन पायांवर होती.

सरांच्या मेव्हण्याने परदेशातून बूट पाठवले होते, त्यांच्या मुलाला लहान झाले. ते त्यांनी मला दिले. काळं चामडं, तळाला प्लॅस्टिकची पट्टी, खिळे नाहीत, स्क्रू. काकाने पट्ट्या काढून ठेवल्या, मला चार दिवस चालवायला लावलं, खुणा बघितल्या, पाण्यातून चालवलं, आणि मग लावल्या. उजवी सरळ, डावी बाहेर वळवून. स्क्रू आवळले आणि काडीने त्यावर लाल ऑइलपेंटची बारीक रेघ मारली, स्क्रूवरून पट्टीवर. मला वाटलं कुंकवाच्या जागी लावलं असेल. विचारलं नाही.

सगळं मस्त चाललेलं. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी सगळे स्पर्धक जमलो. जत्रा भरलेली, पाळणे चालू. सर म्हणाले, फेरी मार बघू. मारली.

"अरे आनंदा, हे काय? डावा पाय बदकासारखा!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. एकाने बदकाचा आवाज काढला. सर म्हणाले, "मासिकातले फोटो बघ, सगळ्यांचे पाय कसे सरळ असतात. भिवाजी हुशार आहे रे, पण हे बूट नवीन पद्धतीचे आहेत, त्याला काय ठाऊक. दे इकडे."

मी बूट द्यायला नको होता. काकाला कुणी काही बोललं तर मी अंगावर जायचो, आणि तिथे मी गप्प बसलो. ते बदक डोक्यात गेलेलं. सरांनी पिशवीतून डिसमिस काढला, डाव्या पट्टीचे स्क्रू ढिले केले, पट्टी सरळ केली, आवळली. पाच मिनिटांचं काम.

"बघ, आता कसा दिसतोस."

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो आणि डावा गुडघा बाहेरच्या बाजूने चावायला लागला. नवमीला सकाळी जिना उतरताना कळ आली. मला कळत होतं का, ते. काकानेच शिकवलेलं, बाजूने म्हणजे पट्टी. पण त्याला सांगायचं काय? तू लावलेली पट्टी दुसऱ्याकडून फिरवून घेतली, चार पोरं हसली म्हणून?

तरी गेलो. बूट हँडलला लटकवलेले. दुकानात पाट मांडलेला, त्यावर पाने, हातोडी, डिसमिस, पंप, शिसं, सगळं धुऊन पुसून, झेंडूची फुलं वाहिलेली. खंडेनवमीला हत्यार पूजेत बसतं, ते उचलत नाहीत. सगळेच पाळतात, पण काका फार कडक. त्याचा मोठा भाऊ मोरू एका नवमीला पूजेतलं जाळं उचलून खाडीत गेलेला. होडी संध्याकाळी उलटी सापडली. हे मला जनाकाकीने सांगितलेलं, काका कधी बोलला नाही.

"काय रं, उद्या शर्यत न् आज इकडं?"

"गुडघा जरा दुखतोय, काका."

तो पाटासमोर बसलेला, मान वळवून बघितलं. "कुठं? पुढून का बाजूनं?"

मी म्हणालो, "पुढून."

एक शब्द. त्याने थोडा विचार केला. "पुढून म्हंजे सीट बसली आसंल थोडी. आज हत्यार नाय उचलत मी. उद्या पूजा हलली का वर घेव."

"उद्या सहाला शर्यत आहे."

तो पाटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग आज मारू नको सायकल. तेल चोळ, झोप."

बूट त्याच्यापासून दोन हातांवर लोंबत होते. त्याने बघितले नाहीत, मी दाखवले नाहीत. जनाकाकीने प्रसादाचं खोबरं दिलं, मी ते चघळत घरी आलो.

दसऱ्याला पहाटे काका शर्यतीला आला, रिकाम्या हाताने, हत्यारं अजून पाटावरच. माझ्या पाठीवर हात ठेवला. "दुखला तर उतर. लाज नाय त्यात. पुढच्या वर्साला पन दसरा हाय."

पहिली फेरी तिसऱ्या नंबरवर काढली. गुडघा जळत होता. दुसऱ्या फेरीला खडवली फाट्यावरून वळलो तेव्हा पाय मला बाहेर वळवायचा होता आणि पट्टी वळू देत नव्हती. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला आत काहीतरी पिळायचं. रस्त्याच्या कडेला लोक पिशवीतून आपट्याची पानं नेत होते, ते आठवतं. दुसऱ्या नंबरच्या पोराचं चाक माझ्यापुढे वीस हातांवर होतं. पर्मनंट नोकरी वीस हातांवर. मी उतरलो नाही. सीटवरून उठून जोर लावला आणि गुडघ्यात कट् झालं. आवाज मी कानाने ऐकला. पाय वाकेना की सरळ होईना, पट्ट्यात अडकलेला, सायकलसकट आडवा झालो.

आतली गादी फाटली, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, तेही उशिरा. पाय सरळ होत नाही पूर्ण. सायकल सोडा, जिना पण मी एकेक पायरी चढतो.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. पडलो तेव्हा पोरांनी बूट काढले, मला आणि बुटांना मंडळाच्या टेम्पोत टाकून कल्याणला परत आणलं, तिथे बूट काकाच्या हातात गेले. त्याने डावा उलटा केला. बघितला. बराच वेळ. मग माझे बाबा आले, बाबुराव, त्यांचा आवाज चाळीभर जायचा. "कुणी केलं हे? याची सायकल, बूट कोण लावून देतो?" मी फळकुटावर पडून बघत होतो. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार.

काका म्हणाला, "मीच. पट्टी माज्याकडनं ढिली र्‍हायली. सरकली."

बाबांनी सगळ्या मंडळासमोर त्याची कॉलर धरली. "माझ्या पोराचा पाय खाल्लास, कोळ्या!" तो हलला नाही. सुधीर सर तिथेच उभे होते, ते पाणी आणायला सांगत होते कुणाला तरी. आणि मी? मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं काकाला खरंच तसं वाटतंय, की स्क्रू त्याच्याकडूनच ढिले राहिले. वाटू दे, म्हणालो मनात. नंतर सांगू.

नंतर चार वर्षं गेली.

शर्यतवाले यायचे बंद झाले, मग दूधवाले. तो पोस्टमन एकदा आला, तर काकाने त्याला परत पाठवलं, "माजा हात गेला, मास्तर. दुसरीकडं बघा." शिसं आणि दोरी खुंटीला टांगलेली तशीच राहिली. नुसतं पंक्चर काढायचा. लादीवर पाणी ओतायचा ते फक्त झाडायच्या आधी. मी बेकरीत गल्ल्यावर बसायला लागलो होतो, दर रविवारी त्याच्याकडे जायचो. कुणी त्याच्याबद्दल बोललं की भांडायचो. खरं मात्र बोललो नाही. भांडणं सोपं असतं, त्याला काही लागत नाही.

९२ च्या उन्हाळ्यात त्याची छाती धरली. कामाला बसवेना. एका दुपारी गेलो तर खाटेवर होता, जनाकाकी दारात जवळा निवडत बसलेली. मला बघून बोलली, "बस रे पोरा. सकालपासून कुनाशी बोलला नाय."

मी बसलो, आणि काय झालं माहीत नाही, सगळं सांगून टाकलं. बदक, सर, डिसमिस, पुढून. सगळं. जनाकाकीचे हात थांबले.

काका छताकडे बघत होता. म्हणाला, "मना ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"लाल रेघ कशाला मारतंय मी? स्क्रू कुणी फिरवला तर ती तुटंल म्हनून. बुटावं तुटलेली व्हती. त्याच दिशी बघितली."

"मग माझ्या बापासमोर का असं बोललास? चार वर्षं शिव्या का खाल्ल्यास?"

"तुज्या बापानं तुना मारला आसता. पाय गेला तो गेला, वर मार कशाला खायाचा." खोकला आला, थांबला. "न् खोटा नाय बोललो मी. नवमीला तू आयलास. बूट समोर लोंबत व्हते. मना वाटला, माज्या हातचं काम हाय, बघायचा काय. तू पुढून म्हनलास, मी ऐकून घेतला. मी कवा कुनाचा ऐकून काम केलाय? पाय बघून करतंय मी." मग माझ्याकडे वळला. "हत्यार नाय उचलला, ते ठीक. पन बूट उलटा करून बघायला हत्यार लागतंय का रं?"

जनाकाकी पदराला हात पुसत आत गेली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, पाणी ओत. मला कळेना. "लादीवं ओत न् चाल." खाटेजवळ लाद्याच होत्या. मी तांब्याभर पाणी ओतलं, चप्पल काढली, चाललो. चार पावलं. उजवा ठसा पूर्ण. डाव्याचा नुसता पुढचा भाग, टाच टेकतच नाही माझी. काका एका कुशीवर होऊन बघत राहिला. उन्हाळा होता, ठसे लगेच वाळायला लागले. शेवटचा वाळला तरी तो तिथेच बघत होता.

"सीट थोडी खाली घेतली तर चालवशील तू," म्हणाला. "हलूहलू. बाजारापुरती."

नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी गेला. सायकलवाले चारच आले होते.

त्याच्या दहाव्याला मी ठरवलं, आता सगळ्यांना सांगायचं. सांगितलं. बंदरावर सांगितलं, मंडळात सांगितलं. म्हणतात, "तू त्याचाच पोरगा होतास रे, तू त्याची बाजू घेणारच." एकजण म्हणाला, मेलेल्या माणसाला चांगलंच म्हणायचं असतं, बरोबर आहे तुझं. त्याला मी हाणला. बाबांना सांगितलं तर ते उठून मोरीत तोंड धुवायला गेले. मग सुधीर सरांकडे गेलो, नौपाड्याला, पहिल्यांदाच त्यांच्या घरी. त्यांनी बसवलं, पोहे दिले.

"मी फिरवली पट्टी? असेल बुवा. त्या दिवशी मी किती जणांचं काय काय बघत होतो. खरंच आठवत नाही रे, आनंदा." ते खोटं बोलत नव्हते, तोंडावरून दिसत होतं. त्यांना खरंच आठवत नाही. त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं काम होतं ते.

दुकानात आता जनाकाकीचा भाचा रसाचं गुऱ्हाळ चालवतो. शिसं आणि दोरी तिने मला दिली. सीट मी खाली घेतली, काकाने सांगितलं तेवढीच, आणि बाजारापुरती मारतो सायकल. दुखत नाही.

बूट माझ्याकडे आहेत, विठ्ठलवाडीच्या घरात, फळीवर. उजव्याची लाल रेघ अजून अखंड आहे. डाव्याची तुटलेली, स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे. ज्याला वाटतं मी खोटं बोलतोय त्याने यावं आणि उलटा करून बघावा. हत्यार लागत नाही.